कललेला गुलमोहर

यादवराव थेट्यांचा गुलमोहर वादळात पडला तेव्हा यादवराव घरी नव्हते, आणि ही गोष्ट त्यांना पुढे बरेच दिवस लागून राहिली. घरी असते तर त्यांनी झाड हाताने धरून ठेवलं असतं असं नाही. पण आपल्या मालकीची एवढी मोठी वस्तू आपल्या गैरहजेरीत, आपल्याला न विचारता आडवी होते, हे वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला पटणं कठीण होतं. लासलगावला त्यांची जीप बाजारात शिरली की व्यापारी गादीवरून उठून उभे राहायचे, चहा मागवला जायचा, आणि यादवराव तो चहा न पिता निघून जायचे. न प्यालेल्या त्या चहांवर त्यांची सगळी नोकरी उभी होती.

वादळाच्या दुपारी ते दवाखान्यात होते. मंगलाबाई न्हाणीघरात पाय घसरून पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि मुलगी पल्लवी बंगलोरहून येऊन, रडून, सगळ्या गोळ्यांना वेगवेगळ्या डब्या करून परत गेली होती. आधी बायको पडली आणि मग झाड पडलं, यात काही संबंध नाही, असं यादवरावांचं मत होतं. समोरच्या बंगल्यातले निवृत्त पोस्टमास्तर मात्र संबंध आहे म्हणत, आणि पंचवटीतल्या एका ज्योतिषाचा पत्ता देत.

मे महिना संपत आला होता. पेठच्या डोंगरांकडून आभाळ काळं होत आलं, धुळीचा लोट उठला, कुणाचे पत्रे, कुणाच्या टाक्यांची झाकणं, कुणाची वाळत घातलेली धोतरं इंदिरानगरभर फिरली, आणि मग गारा पडल्या. यादवराव संध्याकाळी स्कूटरवरून कॉलनीत शिरले तेव्हा आपल्या घरासमोर एवढी माणसं कशाला जमली आहेत हे त्यांना कळेना. मग लाल रंग दिसला. गुलमोहर ऐन फुलात होता. त्याची अर्धी मुळं जमिनीतून उपटून वर आली होती, खोड फाटकावरून तिरकं गेलं होतं, आणि सगळा फुललेला माथा पोर्चच्या स्लॅबवर टेकला होता. विजेची तार त्यात गुरफटून लोंबत होती. झाड धड पडलं नव्हतं आणि धड उभंही नव्हतं. दिवसभर रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाने शेवटी भिंतीला डोकं टेकावं, तसं ते टेकलं होतं.

फाटक उघडेना. खोडाखालून मात्र हातभर फट होती. यादवरावांनी जमलेल्या मंडळींकडे एकवार बघितलं, दवाखान्याचा रिकामा डबा पुढे सरकवला, आणि स्वतःच्या घरात रांगत गेले.

हे दृश्य शेजारच्या गच्चीवरून चिमाजी मौले बघत होते. तेवढं एक व्हायला नको होतं. चिमाजींची मखमलाबादकडे फुलांची शेती. शेवंती, झेंडू, गुलाब. फार वर्षांपूर्वी दसऱ्याच्या आदल्या दिवशी, गोदाकाठी, गंगेवर, फुलांचा बाजार भरलेला असताना, यादवरावांनी भर गिऱ्हाइकांसमोर त्यांचा तराजू जप्त केला होता. पुढे चिमाजींनी बंगला बांधला, आणि नाशिकमध्ये एवढ्या जागा रिकाम्या असताना नेमका थेट्यांच्या भिंतीला भिंत लावून बांधला. तेव्हापासून दोन्ही घरांतल्या बायका भिंतीवरून कढीपत्ता देत-घेत, आणि पुरुष एकमेकांना पाहून आभाळाकडे बघत.

दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. पोस्टमास्तर म्हणाले, अग्निशामक दलाला बोलवा. कोपऱ्यावरचे एक बँकवाले म्हणाले, क्रेन लावून झाड परत उभं करा, मुळांना शेण लावा, त्यांच्या साडूने असं केलेलं आहे. साडूचं झाड पपईचं होतं हे चौथ्या प्रश्नाला कळलं. कुणी म्हणालं, फोटो काढा. कुणी म्हणालं, फोटो मुळीच काढू नका, उद्या तुमच्याच अंगाशी येईल. स्वतः कोयता घेऊन मात्र कुणी आलं नाही. यादवराव भद्रकालीतल्या एका लाकडाच्या वखारीत जाऊन आले. वखारवाला झाड न्यायला एका पायावर तयार होता. "फक्त परवानगीचा कागद दाखवा साहेब," तो म्हणाला. यादवरावांना तो माणूस आवडला. कागदाशिवाय काम न करणारा माणूस त्यांना नेहमीच आवडे.

त्या कागदासाठी ते ज्या कार्यालयात गेले त्याचं नाव इथे नको. तिथे खिडकीशी मनीषा नावाच्या बाई होत्या, आणि त्या वाईट नव्हत्या.

"झाड पडलंय की उभं आहे, काका?"

यादवरावांना आयुष्यात कुठल्याही सरकारी कार्यालयात कुणी काका म्हटलं नव्हतं. "कललंय," ते म्हणाले.

"कललंय असं नसतं. पडलेलं असेल तर आम्ही ते झाड धरत नाही, रस्त्यातला अडथळा धरतो. तो विभाग खाली आहे. उभं असेल तर वर. मग पाहणी, मग मंजुरी."

यादवराव खाली गेले. खालच्या माणसाने विचारलं, "मुळं जमिनीत आहेत का?"

"अर्धी."

"म्हणजे जिवंत आहे. वर जा."

असे ते त्या जिन्यावरून इतक्या वेळा वरखाली झाले, की जिन्यात तंबाखू मळत उभे असलेले शिपाई त्यांना वाट करून द्यायला लागले. शेवटी मनीषाबाईंनाच दया आली. त्यांनी अर्जावर 'धोकादायक झाड' असं लिहून घेतलं आणि पाहणीला माणूस पाठवायचं कबूल केलं. "घाई आहे हो," यादवराव म्हणाले. "मिसेसना दवाखान्यातून घरी आणायचंय. स्ट्रेचर आत जात नाही." हे वाक्य बोलताना आपला आवाज चिरका निघाला असं त्यांना वाटलं, आणि बाहेर आल्यावर ते बराच वेळ स्कूटरला किक न मारता नुसतेच बसून राहिले.

दवाखान्यात मंगलाबाई छताकडे बघत पडलेल्या असत. आधीच बारीक, त्यात अन्न जात नव्हतं. रोज तोच प्रश्न. "वादळाने काय काय केलं?"

"काही नाही. थोडा पालापाचोळा पडलाय."

"माझा लिंब?"

"लिंबाला काय होतंय!"

हे खरं होतं. मागच्या अंगाला, झोपायच्या खोलीच्या खिडकीशी, कडुलिंब ताठ उभा होता, त्याची डहाळीसुद्धा मोडली नव्हती. गुलमोहर यादवरावांनी लावलेला, दिसायला चांगला म्हणून. लिंब कुणी लावला नव्हता. घराचं बांधकाम चालू असताना तो आपला आपण उगवला, आणि गवंडी त्याच्यावर रोज चुन्याच्या पाट्या उपड्या करीत तेव्हा मंगलाबाईंनी त्याच्याभोवती विटा रचून तो जगवला. पुढे त्या खिडकीशी त्यांचं शिवणयंत्र आलं. निम्म्या कॉलनीची झंपरं त्या सावलीत शिवली गेली. यादवराव दौऱ्यावर असत, मुलगी शाळेत असे, आणि दुपारभर लिंबाखाली यंत्राची खडखड चाले.

"घरी आले की पलंग त्या खिडकीशी लावा," मंगलाबाई म्हणत. "इथे डोळ्याला डोळा लागत नाही. लिंब दिसला की मी चालायला लागेन बघा."

पाहणीचे साहेब मोटरसायकलवरून आले. कोवळे होते, पांढरी पँट होती. त्यांनी रस्त्यावरूनच गुलमोहर पाहिला, खोडाखालची फट पाहिली, स्वतःच्या पँटकडे पाहिलं, आणि बरोबरच्या माणसाला रंगाचा डबा देऊन आत पाठवलं. तोडायच्या झाडावर लाल फुली मारायची असते. तो माणूस आत सरपटला, पण झाडात अडकलेली विजेची तार पाहून मागे सरला.

"तारेत करंट असंल साहेब. मी नाय हात लावणार."

"आवारात मार कुठेतरी," साहेब रस्त्यावरून म्हणाले. "खूण पाहिजे फक्त."

त्या माणसाने घराला वळसा घातला आणि लिंबाच्या बुंध्यावर ऐसपैस फुली मारली. यादवराव धावत रस्त्याकडे आले. "अहो, तो लिंब आहे. पडलेला हा आहे!"

"काळजी करू नका. ती फुली पत्त्यासाठी असते," साहेब म्हणाले आणि किक मारली.

यादवरावांना ओरडायचं होतं. पण लासलगावात, मनमाडात, चांदवडात, सरकारी शिक्क्यावर शंका घेणाऱ्या माणसाला ते स्वतः एकच वाक्य ऐकवत आले होते: शिक्का मारणाऱ्याला कळतं. तेव्हा ते गप्प राहिले. त्यांनी ओल्या रुमालाने फुली पुसायचाही विचार केला, पण सरकारी खूण पुसणं हा गुन्हा असावा असं वाटून तोही सोडून दिला.

मंजुरी आली की नाही हे विचारायला ते जात राहिले, आणि एका सकाळी दवाखान्यातून निरोप आला की खाट रिकामी करायची आहे, पेशंटला आज घेऊन जा.

अँब्युलन्स कॉलनीत शिरली तेव्हा फाटकासमोर एक ट्रक उभा होता. यादवरावांचा जीव भांड्यात पडला. आले! अगदी वेळेवर आले! मग त्यांनी फाटकाकडे पाहिलं. गुलमोहर होता तिथेच होता. फुलं सुकून काळपट झाली होती, एवढाच फरक. ट्रकमध्ये मात्र हिरवा पाला खच्चून भरला होता, आणि पाल्याचा कडवट वास रस्ताभर पसरला होता.

ते अँब्युलन्समधून उतरले. मागचं दार त्यांनी स्वतः लावून घेतलं.

तोडणाऱ्यांचा मुकादम सोमा सुरगाण्याकडचा होता. तो सावलीला बसून भाकरी खात होता. "झालं सायेब," तो म्हणाला. "लय चिवट झाड व्हतं. मागच्या भिंतीवरून फांद्या काढल्या, तुमचं घर खराब नाय केलं."

"अरे, पण हे," यादवरावांनी गुलमोहराकडे बोट दाखवलं.

"हे तर पडल्यालं हाय. आमाला लाल फुलीवालं सांगितलं."

"तो लिंब होता. चांगला होता. उभा होता!"

सोमाने घास खाली ठेवला. त्याने ट्रककडे पाहिलं, मग यादवरावांकडे. "उभा व्हता म्हनून तर तोडाया लागला," तो हळू आवाजात म्हणाला. त्याला स्वतःलाच ते बोलणं बरं वाटलेलं दिसलं नाही.

ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. आतून मंगलाबाईंची हाक आली, "अहो, उतरवताय ना?"

आता आत न्यायचं कसं? खोडाखालून यादवराव रांगत जाऊ शकत होते. नवा खुबा बसवलेली बाई जाऊ शकत नव्हती. उरली ती चिमाजींच्या बाजूची भिंत, छातीएवढी. यादवराव चिमाजींच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले. काय बोलायचं याची ते मनात जुळवाजुळव करत होते, "सार्वजनिक अडचण लक्षात घेता" असं काहीतरी. दार उघडलं. चिमाजी बनियनवर होते.

"मंगल आलीय," यादवराव म्हणाले. "आत नेता येत नाही."

चिमाजींनी आभाळाकडे पाहिलं नाही. "नवसे, ती हाताची खुर्ची आण," ते आत बायकोला ओरडले. आणि यादवरावांना म्हणाले, "सायेब, तुमी पलीकडून खुर्ची धरा. बाकी आमी बघतो."

चिमाजी, त्यांचे दोन गडी आणि भाकरी टाकून आलेला सोमा यांनी मिळून मंगलाबाईंना खुर्चीवर बसवलं आणि खुर्ची भिंतीवरून पलीकडे दिली. मंगलाबाईंनी डोळे गच्च मिटून घेतले होते. खुर्ची भिंतीच्या माथ्यावर असताना चिमाजी यादवरावांना अगदी हळू म्हणाले, "सायेब, वैनींचं वजन लय उतरलंय हो."

यादवरावांनी मान हलवली. तेवढ्यापुरता खुर्चीचा सगळा भार त्यांच्या हातात आला, आणि तो काहीच नव्हता.

मंगलाबाईंचा पलंग पुढच्या खोलीत लागला. डॉक्टरांनी सांगितलंय, यादवराव म्हणाले, मोकळी हवा पाहिजे. मागची खोली त्यांनी लावून घेतली. गारांनी कौलं फुटली आहेत, दुरुस्ती व्हायची आहे, असं सांगितलं. बंगल्याला स्लॅब होता. मंगलाबाई दमलेल्या होत्या, त्यांच्या ते ध्यानात आलं नाही. पुढच्या खिडकीतून सुकलेल्या गुलमोहराच्या फांद्या दिसत. त्या पाहून त्या नुसतं "अगं बाई," म्हणाल्या, आणि त्यांनी यादवरावांच्या हातावर हात ठेवला. "तुमचा होता हो तो."

हे सांत्वन यादवरावांना फार जड गेलं.

कॉलनीला ताकीद देण्यात आली. भेटायला येणारा प्रत्येक जण आधी भिंतीपाशी गाठला जाई, "लिंबाचा विषय नको" असं त्याला बजावलं जाई, आणि मगच चिमाजींच्या शिडीवरून आत येऊ दिलं जाई. पोस्टमास्तर आले, काही बोलू नये म्हणून तोंडात पान ठेवून बसले, आणि जाताना पान संपल्यावर म्हणाले, "झाडाचं काही मनाला लावून घेऊ नका." मंगलाबाई म्हणाल्या, "छे, गुलमोहर काय, परत लावता येईल." पोस्टमास्तर शिडीवरून घाईने उतरताना पडता पडता वाचले. चिमाजींच्या नवसाबाई तर रोज फुलांची परडी घेऊन येत, पलंगाशी बसत आणि बोलताना मध्येच ओठ चावत.

चालायला शिकवायला सृष्टी नावाची मुलगी येई. तीही शिडीवरूनच. "काकू, वॉकर धरा, उठायचं. खुबा पक्का बसलाय, भीती काढा." मंगलाबाई उठत नसत. जमिनीला पाय टेकला की त्यांचा चेहरा पांढरा पडे आणि त्या परत आडव्या होत. "नंतर बघू," त्या म्हणत. "मागच्या खोलीत गेले की उठेन." सृष्टीने यादवरावांना बाहेर बोलावून सांगितलं, आत्ता उठल्या नाहीत तर पुढे उठणं कठीण आहे, पडून पडून छाती भरेल. यादवरावांनी ऐकून घेतलं. आणि आत येताना त्यांना जाणवलं की त्या उठल्या नाहीत याचं आपल्याला रोज थोडं बरं वाटतं. ती उठली तर मागे जाणार. मागे गेली तर बघणार. ही गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नाही. पण त्या दिवसापासून सृष्टी आली की ते चूळ भरायला, पाणी भरायला, काहीतरी करायला खोलीबाहेर जाऊ लागले.

जून संपत आला तरी पाऊस नव्हता. लिंबाची सावली गेल्याने घर दुपारी भट्टीसारखं तापे. "यंदा एवढं का हो उकडतंय?" मंगलाबाई विचारत. "मागची खिडकी तरी उघडी ठेवा. तिकडून गार येतं." यादवराव मागच्या खोलीत जात, उन्हाने भरलेल्या त्या खोलीत खिडकीपुढे थोडा वेळ उभे राहत, आणि बाहेर येऊन म्हणत, "उघडली."

अशा एका सकाळी ट्रकचा आवाज आला. सोमा पुन्हा आला होता. यावेळी गुलमोहराचा कागद घेऊन. वीजवाल्यांनी तार काढून नेली होती, फुली मारायला आता कुणाची हरकत नव्हती, आणि खालच्या विभागाने वरच्या विभागाशी बोलून कललेल्याला पडलेलं ठरवलं होतं. सोमाने फाटकावर कोयत्याचा दांडा आपटला आणि नेहमीच्या खड्या आवाजात हाक दिली, "सायेब! झाड तोडाया आलोय!"

यादवराव स्वयंपाकघरात दूध तापवत होते. ते बाहेर यायच्या आधीच पुढच्या खोलीतून आवाज आला. इतक्या आठवड्यांत तसा आवाज त्या घरात कुणी ऐकला नव्हता.

"कुठलं झाड? ए बाबा, लिंबाला हात लावशील तर बघ! आधी मला विचार!"

मग लोखंड फरशीवर आपटलं. यादवराव दारात आले तेव्हा मंगलाबाई वॉकर धरून उभ्या होत्या. केस सुटलेले, गाऊन चुरगळलेला, पण उभ्या होत्या. त्यांनी वॉकर पुढे टाकला आणि एक पाऊल टाकलं. मग दुसरं. पुढच्या दाराकडे नव्हे. मागच्या खोलीकडे.

"मंगल, थांब," यादवराव म्हणाले. "पडशील. बस आधी. मी सांगतो त्याला."

"तुम्ही काय सांगणार? तुम्ही कागद वाचत बसाल, तोवर तो तोडून मोकळा होईल."

यादवरावांनी खुर्ची उचलली आणि ते मागून निघाले. त्यांना तिचा दंड धरून थांबवता आलं असतं. हात दोनदा पुढे गेला. पण ती चालत होती. भिंत न धरता, न रडता, रागाने चालत होती, आणि डॉक्टर, सृष्टी, पल्लवीच्या गोळ्यांच्या डब्या, कुणालाच जमलं नव्हतं ते होत होतं. हात मागे आला. बाहेर सोमा अजून हाका मारत होता. दूध उतू गेल्याचा वास आला. कुणी तिकडे गेलं नाही.

मंगलाबाईंनी वॉकरनेच मागच्या खोलीचं दार ढकललं. सगळं ऊन एकदम अंगावर आलं. त्या खिडकीपाशी गेल्या, गज धरला, आणि बघत राहिल्या. खाली बुंध्याचं पांढरं वर्तुळ दिसत होतं. त्याच्या कडेला लाल रंग.

त्या म्हणाल्या, "कधी?"

"तू आलीस त्याच दिवशी."

"आणि तो पुढचा?"

"तो आज तोडतायत."

"पडलेला राहिला आणि उभा तोडला?"

"हो." मग त्यांना वाटलं एवढं पुरेसं नाही. "फुली मारली तेव्हा मी तिथेच होतो. बोललो नाही."

मंगलाबाईंची गजावरची बोटं पांढरी झाली होती. यादवरावांनी खुर्ची त्यांच्या मागे सरकवली, आणि दोन्ही हातांनी पाठ धरून ठेवली. "बस आता," ते म्हणाले. "बस गं."

"नको," मंगलाबाई खिडकीबाहेर बघतच म्हणाल्या. "एवढी उठलेय तर मला जरा उभी राहू द्या."